हवेत आवळलेले बोल्ट

नेस्टा प्रॉसरला गावातली निम्मी माणसं वाटाण्यांमुळे ओळखतात. बिल्थजवळच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं पोरांच्या ताटात वाटाणे वाढले, आणि जो वाटाणे टाकून उठेल त्याला खांदा धरून पुन्हा बसवलं. त्या पोरांना आता टकलं पडली, एक जण पोलिसात फौजदार झाला, पण रस्त्यात ती दिसली की तो फौजदारसुद्धा पाठ ताठ करून "गुड मॉर्निंग, प्रॉसर बाई" म्हणतो.

उरलेली निम्मी माणसं तिला ओळखतात ती लाल गाडीमुळे. तीन दारांची, आखूड, तीस वर्षांची जुनी गाडी. बाहेरून पाहिली तर म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात न्यायला घेतलेली वाटावी, पण बॉनेटखाली तिच्या वजनाला न शोभणारं इंजिन. असल्या गाड्यांना हॉट हॅच म्हणतात. सगळा जोर पुढच्याच दोन चाकांवर: ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी आणि थांबवायचंही बरंचसं त्यांनीच. मागची चाकं नुसती वऱ्हाडासारखी मागून येतात. म्हणून असल्या गाडीत पुढचं सस्पेन्शन बिघडलं की सगळंच बिघडतं.

ही गाडी घेऊन नेस्टा कूम ड्यूचा चढ चढते. वर्षातून तीनदा आमचा मोटर क्लब तो रस्ता बंद करतो आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतो. जेमतेम किलोमीटरभराचा चढ, पण त्यात सात वळणं. सगळ्यांत वाईट ते चॅपलचं. ते छोटं प्रार्थनाघर केव्हाच बंद पडलं, आत आता मेंढ्यांचा चारा असतो, पण कडेच्या झाडाची मुळं अजून रस्त्याखालून सरकतात आणि डांबराला घड्या पडतात. ऐन वळणात चाकाखाली त्या घड्या येतात. तिथे ज्याचा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला जात नाही, तो खरा. एकोणीस वर्षांत नेस्टाने तिथे पाय उचलला नव्हता.

तिचा नवरा टेगिड दरवेळी बरोबर यायचा आणि एकदाही बघायचा नाही. पिकअप डोंगराकडे पाठ करून लावायची आणि मांडीवर पेपर घेऊन शब्दकोडं सोडवत बसायचं. "मला बघवत नाही," एवढंच तो पहिल्या वर्षी म्हणाला होता. त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं झालं नाही. नेस्टाला ते मनातून लागायचं. तीस मेंढ्यांची कातरणी सकाळभर उभं राहून बघणाऱ्या माणसाला बायकोची पाऊण मिनिटाची शर्यत जड व्हावी, याचा तिला रागही यायचा.

आता क्लबातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. दुसऱ्याच्या गाडीबद्दल, त्याने विचारल्याशिवाय, एक अक्षर बोलायचं नाही. फार पूर्वी इडवल बेबने एका दोस्ताला न मागता सल्ला दिला होता, "पुढची स्प्रिंगं कडक कर." दोस्ताने केली, आणि दुसऱ्याच रविवारी तो गाडीसकट दगडी गडग्यात गेला. कमरेचं हाड मोडलं, दोस्ती मोडली ती वेगळीच. तेव्हापासून इडवल तोंड बंद ठेवतो, आणि इडवलच बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप? सत्तरी ओलांडलेला हा माणूस जन्मभर बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याची पांढरी चौकोनी गाडी नेस्टाच्याच गटात असते आणि बहुतेक वेळा तिच्यापुढे असते.

रीत चांगली आहे की वाईट, यावर मी इथे वाद घालणार नाही. पण नेस्टासारखी बाई, जी आयुष्यात कोणाला काही विचारत नाही, ती तिच्यात बरोबर अडकते.

तीस वर्षं झाली म्हणून शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते बाथरूममध्ये लावलं आणि स्वतःला स्वतःच भेट दिली: पुढच्या सस्पेन्शनचा नवा संच. कडक स्प्रिंगं, त्यांच्या पोटात नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक वरखाली करायला फिरती रिंग, कडकपणा कमीजास्त करायला वर छोटी कळ. शिवाय चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मना, बिजागरीच्या जागी, नवे रबरी बुश. अकरा वर्षं ती त्या पानावर कॅटलॉग उघडत होती.

जानेवारीत शेडमध्ये, बोटं थंडीने लाकडासारखी झालेली असताना, तिने एकटीने सगळं बसवलं. काम शिकली ती बापाकडून. बाप खाणीतले ट्रक दुरुस्त करायचा आणि त्याचा एकच नियम होता: सैल बोल्टावर गाडी टेकवायची नाही. आधी आवळायचं, मग उतरवायचं. हा नियम तिच्या हाडात होता. गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर, चाकं हवेत लोंबलेली, आणि नेस्टा खाली पाठीवर पडून पान्यावर सगळं वजन टाकून एकेक बोल्ट आवळतेय. मग तिने रिंगा तळापर्यंत खाली फिरवल्या. गाडी जॅकवरून उतरली तेव्हा चाकाच्या आणि पत्र्याच्या मधे बोट जाईना.

"काय देखणी दिसतेय!" ती म्हणाली.

टेगिड दारात चहा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बसलेल्या कोंबडीसारखी दिसतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कोंबड्यांतलं कळतं," टेगिड म्हणाला आणि चहा ठेवून गेला.

एप्रिलची शर्यत आली. नेस्टाची आजवरची वेळ सत्तेचाळीस पूर्णांक तीन सेकंद. नव्या सस्पेन्शनने एखादा सेकंद तरी खाली येणार, असं तिने मनात धरलं होतं. लागले साडेएकोणपन्नास. जुनी गाडी वळणात कलायची, आतलं मागचं चाक उचलायची, पण काय चाललंय ते तळहाताला सांगायची. ही नवी काही सांगेना. पुढची चाकं घड्यांवरून उड्या मारत बाहेर पळत होती, स्टिअरिंग हातातून ओढून घेतल्यासारखं उजवीडावीकडे हिसके देत होतं. चॅपलपाशी तिचा पाय उचलला गेला.

तिने घरी येऊन कळ आणखी कडक केली. हीच आपल्याकडची खोड: औषध लागू पडलं नाही की डोस वाढवायचा.

मे महिन्यात चॅपलच्या वळणात तिने पुन्हा पाय उचलला. ऐन वळणात पाय उचलला की सगळं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि असली आखूड गाडी शेपटीकडून फिरते. तशीच फिरली. लाल गाडी स्वतःभोवती पुरी गिरकी घेऊन गवतात थांबली, मागचा बंपर काटेरी कुंपणापासून वीतभर लांब. गाडीला ओरखडा नाही, नेस्टाला ओरखडा नाही. पण ती गाड्या थांबतात त्या पायथ्याच्या आवारात परत आली तेव्हा सगळे एकदम आपापल्या टायरची हवा बघायला लागले.

चार दिवसांनी क्लबची सेक्रेटरी गेनर घरी आली. हातात केशरी जाकीट, झेंडेवाल्या मार्शलचं, छातीवर नाव शिवलेलं: नेस्टा.

"अगं, राग मानू नकोस," गेनर म्हणाली. "आम्हाला चॅपलपाशी कोणीतरी जाणतं माणूस हवंच आहे. आणि गाडीला काय, कधीतरी सगळ्यांनाच..."

"कधीतरी काय?"

"काही नाही गं. जुलैच्या शर्यतीनंतर सांग. तू झेंडा घेणार असशील तर तुझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला देता येईल. घाई नाही." जाकीट तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, दोन वेल्श केक खाल्ले आणि गेली.

गेनर मनाने वाईट नाही. चांगल्या मनाची माणसं जेव्हा आपल्याला बाजूला करतात तेव्हाच जास्त लागतं, कारण भांडताही येत नाही.

त्या संध्याकाळी नेस्टाने टेबल पुसता पुसता टेगिडला विचारलं, "मी म्हातारी झाले का रे?"

"सत्तावन्न."

"वय नाही विचारलं. हात गेले का माझे? नजर गेली? गाडी तर नवी केली मी. मग उरलं कोण? मीच ना?"

टेगिड म्हणाला, "मला विचारून काय उपयोग? ज्याला कळतं त्याला विचार."

"विचारायचं काय? मी आता निकामी झाले का, असं?"

"तेच विचार."

तिने घासलेलीच बशी पुन्हा घासली. "बरं. जुलैमध्ये एक शेवटची. चॅपलपाशी पाय उचलला गेला, तर ते जाकीट मी घालेन. मुकाट्याने. मग गाडी शेडमध्ये, आणि विषय संपला."

"बरं," टेगिड म्हणाला.

इडवलकडे जायला तिला आणखी आठ दिवस लागले. दोनदा ती त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा त्याच्या कुत्र्याने भुंकून सांगून टाकलं, मग गाडी वळवणं शक्य नव्हतं. इडवल घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होता.

"इडवल, एक विचारायचं होतं."

तो सरळ उभा राहिला. हातातली काठी त्याने खाली ठेवली, टोपी काढली. एखाद्या मयताला आल्यासारखा त्याचा चेहरा गंभीर झाला. "विचार."

"खरं सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही. माझे हात गेलेत का?"

"हे विचारायला आलीस? हात?"

"मग काय विचारू?"

"बोल्ट कुठे आवळलेस?"

"म्हणजे?"

"आर्मचे बोल्ट. बुश घातलेस त्यांचे. चाकं हवेत असताना, की जमिनीवर?"

"हवेतच. सैल बोल्टावर गाडी टेकवायची नाही, माझा बाप..."

"तुझा बाप ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्या ट्रकांना जाड पट्ट्यांची स्प्रिंगं, त्यांना चालतं. हे रबर आहे, पोरी." इडवलने घेवड्याची काठी उचलली, तिच्याभोवती आपला जुना हातरुमाल गुंडाळला आणि मुठीत करकचून आवळला. "बोल्ट आवळलास की बुशातली लोखंडी नळी जखडते. चाक लोंबतंय, तिथेच जखडली. आता गाडी खाली टेकव." त्याने काठी फिरवली. रुमाल पिळला गेला. "गाडी नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच. वरून तू तिला तळाशी बसवलीस, म्हणजे पीळ दुप्पट. आत्तापर्यंत फाटलं असणार. फाटलं की आर्म पुढेमागे नाचतो. तेच ते तुझं स्टिअरिंग ओढणं."

नेस्टाने रुमालाचा पीळ बोटाने चाचपला.

"आणि इतकी खाली का बसवलीस? आर्म चाकाकडे जाताना जरासा खाली उतरता हवा, निदान सपाट. तुझे वर चढलेत. तसे चढले की गाडीचं कलणं कमी होत नाही, उलट वाढतं. शिवाय खाली जागाच उरली नाही, मग घडी आली की चाक उडतं. उडालेलं चाक वळणार कसं? चाक रस्त्यावर असलं तरच ते चाक. नाहीतर नुसतंच गोल."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलमध्ये पहिल्या वळणापासून. आवाजावरूनच."

"एप्रिल!" नेस्टाचा आवाज इतका चढला की कुत्रा उठून घरात गेला. "दोन महिने! मी स्वयंपाकघरात उभी राहून रडलेय, इडवल! मला वाटलं मी संपले! आणि तुम्ही काठ्या रोवत बसलात?"

इडवलचे कान लाल झाले. "तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मी एकदा न विचारता सांगितलं होतं. तो अजून लंगडतो. दुकानात दिसला की मी दुसऱ्या रांगेत जातो." त्याने टोपी पुन्हा घातली. "तुझ्याकडे यायला मी दोनदा निघालो होतो. पुलापर्यंत आलो."

नेस्टाचा राग तिथल्या तिथे ओसरला असं मी म्हणणार नाही. पण फाटकापर्यंत येऊन परत गेलेली बाई पुलापर्यंत येऊन परत गेलेल्या माणसाला जास्त वेळ शिव्या देऊ शकत नाही. तिने त्याच्याकडून पाना उसना घेतला.

बुश काढले तेव्हा चारही फाटलेले निघाले. त्यांतला एक तिने खिडकीत ठेवला, सिंकच्या वर, रोज दिसेल असा. नवे आले. तिने रिंगा फिरवून गाडी दोन बोटं वर घेतली, कळ चार घरं मऊ केली, आर्म बसवले, बोल्ट नुसते हाताने फिरवून अडकवले. आणि मग ते काम आलं, जे तिने जन्मात केलं नव्हतं.

सैल बोल्टावर गाडी उतरवायची होती.

जॅकचा दांडा हातात धरून ती थांबली. बाप जाऊन बावीस वर्षं झाली होती, पण तो मागे उभा आहे असं वाटून तिने खरंच एकदा वळून पाहिलं. बापाचा नियम मोडताना तिचे डोळे भरून आले, आणि ते थंडीमुळे, असं म्हणायला जूनमध्ये सोयही नव्हती. "माफ कर, बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुझ्या ट्रकांना रबर नव्हतं." आणि दांडा हळूहळू सोडला. गाडी आधी तिने चाकांखाली ठेवलेल्या जाड फळ्यांवर टेकली. काही पडलं नाही, काही तुटलं नाही. तिने बॉनेटवर हात ठेवून गाडी चारदा खालीवर दाबली, स्वतःच्या जागी बसू दिली, आणि मग खाली सरकून, पोट आत ओढून, गाडीचं सगळं वजन चाकांवर असताना एकेक बोल्ट आवळला.

जुलैच्या रविवारी कूम ड्यूवर कोरडं ऊन होतं. आवारात बेकन भाजल्याचा वास, कोणाच्या तरी रेडिओवर क्रिकेट. टेगिडने नेहमीप्रमाणे पिकअप डोंगराकडे पाठ करून लावली. केशरी जाकीट पिकअपच्या मागच्या सीटवर घडी करून ठेवलेलं होतं, नेस्टानेच ठेवलं होतं.

पहिल्या सरावात ती सावकाश गेली. गाडी आता थोडीशीच कलत होती, आणि तळहाताशी पुन्हा बोलत होती. नवीन शॉकअ‍ॅब्सॉर्बर खड्डा गिळून लगेच शांत होत होते, जुने कधी होत नसत. चॅपलपाशी मात्र पाय उचलला गेला. सवयीने. भीती अजून अंगातून गेली नव्हती.

दुपारी नाव पुकारलं. सुरुवातीच्या रेषेवर झेंडेवाल्याने चाकामागे लाकडी ठोकळा लावला, दिवा हिरवा झाला. इथे कोणी हाकलत नाही, घड्याळ तुम्ही सुटलात की सुरू होतं. नेस्टाने एक श्वास घेतला आणि सुटली.

गोठ्याचं वळण, ओढ्यावरचा पूल, मग चढ, मग झाडी. झाडीच्या टोकाला चॅपलचं छप्पर दिसलं आणि उजव्या पायाला कोणीतरी वर ओढायला लागलं. ती स्वतःशी ओरडली, शाळेत ओरडायची तसंच, "बस! खाली बस!" पाय बसला. पुढची चाकं घड्यांवर आली, दबली, उठली, रस्ता सुटला नाही. स्टिअरिंगने एकच बारीकशी थरथर दिली, म्हणजे इथे मुळं आहेत, मला माहीत आहे. गाडीचं नाक वळणाच्या आतल्या कडेला जाऊन चिकटलं. चॅपल मागे पडलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते हेल्मेटच्या आत कोणाला दिसलं नाही.

सेहेचाळीस पूर्णांक नऊ. इडवलचे सेहेचाळीस पूर्णांक सहा, म्हणजे हा म्हातारा अजून पुढेच. वर पोहोचलेल्या गाड्या सगळ्यांचं होईपर्यंत वरच थांबतात, म्हणून तिला खाली यायला वीस मिनिटं लागली. ती आवारात शिरली आणि तिने पाहिलं, पिकअपचं दार उघडं आहे आणि टेगिड बाहेर उभा आहे, दोन कप चहा घेऊन, तोंड डोंगराकडे.

"पाय उचलला नाहीस," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"ऐकलं."

"ऐकलं? तू तर पेपरात डोकं घालून असतोस!"

टेगिडने सीटवरचा पेपर उचलून तिच्या हातात दिला. शब्दकोड्याच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. "एकोणीस वर्षांत इथे एक तरी कोडं सुटलंय का माझं?" तो म्हणाला. "डोळे मिटून ऐकतो. दर वेळी. चॅपलच्या पुढे आवाज निघाला की मग श्वास घेतो."

एवढी वर्षं धरलेला राग एकदम कुठे ठेवावा ते नेस्टाला कळेना, म्हणून तिने मागचं दार उघडलं, निदान जाकीट तरी हातात घ्यावं म्हणून. सीट रिकामी होती.

"जाकीट कुठेय?"

"गेनरला परत दिलं."

"कधी? वेळ तर आत्ता लागली फळ्यावर."

"वेळेचं मला काय करायचंय?" टेगिडने चहा तिच्या हातात दिला. "चॅपलच्या पुढे आवाज तसाच निघाला ना, तेव्हाच चालत गेलो. तू अजून वर पोहोचली नव्हतीस."